बासष्ट, कारगिल आणि आमच्या बाई

आमच्या इतिहासाच्या बाईंना ‘अचानक’ हा शब्द खपत नसे. ‘शत्रूने अचानक हल्ला केला’ असं पेपरात लिहिलं की अर्धा मार्क गेलाच. “अचानक मांजर आडवं जातं,” त्या म्हणत. “फौजेला रस्ता लागतो, शिधा लागतो, खेचरं लागतात. कोणाला तरी ती दिसतातच.” नानाखेड्याहून येणारी एक मुलगी एकदा उशिरा आली आणि बस अचानक बंद पडली म्हणाली. “ती बस रोज बंद पडते,” बाई म्हणाल्या, “तू आधीची पकडत जा.” आम्ही त्यांना टरकून असायचो, आणि त्या आम्हाला फार आवडायच्याही.

माधव नगरातल्या घरात बाई एकट्याच राहत. धाकटा भाऊ वसंता फौजेत होता. बासष्टमध्ये चीनने हल्ला केला तेव्हा तो नेफाच्या आघाडीवर होता, आणि घरी तार आली, की बेपत्ता. आईवडील त्याची वाट बघत बघत गेले. बाई मात्र हटल्या नाहीत. इंदूरला मुख्याध्यापिकेची जागा चालून आली, ती नाकारली. रिटायर झाल्यावर पुण्याची मावसबहीण ‘इकडे ये’ म्हणून बोलावून थकली. “वसंताला हाच पत्ता ठाऊक आहे,” एवढंच उत्तर. त्याचं श्राद्ध करा, हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

कारगिल झालं तोवर घरोघरी केबल आली होती, आणि लोक जेवता जेवता युद्ध बघत होते. त्या वर्षी गणेशोत्सवात आमच्या मंडळाने बाईंचं व्याख्यान ठेवलं, बासष्ट आणि कारगिल यांच्या तुलनेवर. मी तेव्हा कार्यकारिणीत होते. आमचे सेक्रेटरी बाईंना हळूच म्हणाले, “बाई, जरा जोशात होऊ द्या. पब्लिकला जीत ऐकायची आहे. बासष्टचं जास्त छेडू नका.”

“तुलना सांगितलीत ना?” बाई म्हणाल्या. “मग एकाच पारड्यात काय तोलू?”

त्यांनी स्टेजवर फळा मागवला आणि मधोमध रेघ मारली. दोन्ही वेळा आधी गळाभेटी झाल्या, त्या म्हणाल्या. तेव्हा भाई-भाईच्या घोषणा, आता लाहोरची बस. दोन्ही वेळा शत्रू डोंगरात येऊन बसला आणि आपण म्हणत राहिलो, असं होणारच नाही. या वेळी गुराख्यांनी माणसं पाहिली तेव्हा कुठे जाग आली. मग फरक. तेव्हा आपली पोरं सुती कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत बर्फात उभी राहिली. या वेळी त्यांनी कडे चढून शिखरं परत घेतली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींचा जीव भांड्यात पडला.

“आणखी एक फरक आहे,” बाई म्हणाल्या. “या वेळी गेलेली पोरं तिरंग्यातून घरी आली. तेव्हा आमच्यासारख्यांकडे नुसत्या तारा आल्या.” खडू त्यांच्या हातातच होता. “खुणा असतात, आपण बघत नाही, असं मी जन्मभर शिकवलं. चीनमधून कैदी सुटून आले, त्यांत वसंता नव्हता. त्याच्या तुकडीतला एक जण आमच्या आईपाशी बसून रडून गेला. मी बघितलं नाही.”

त्यांनी आभार मानले आणि त्या खाली उतरल्या.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी त्या मला घेऊन राम घाटावर गेल्या. ज्यांच्या मृत्यूची तिथी माहीत नाही, त्यांचं श्राद्ध त्या दिवशी करतात. पंडितजींनी आमच्यामागे कोणी आहे का बघितलं.

“माताजी, घर में कोई पुरुष नहीं है?”

“था,” बाई म्हणाल्या. “उसी के लिए आई हूँ.”

पंडितजींनी दर्भ पुढे केला. बाईंनी शिप्रेच्या पाण्यात उभं राहून वसंताचं नाव घेतलं, गोत्र सांगितलं, तिळाचं पाणी सोडलं. त्यांचा आवाज वर्गात असायचा तसाच स्वच्छ होता. मला मात्र हुंदका आवरला नाही. एवढ्या वर्षांची वाट एका ओंजळीत संपताना मी बघत होते.

बाई पायऱ्या चढून वर आल्या आणि पदराला हात पुसले.

“झालं का रडून? चल, रिक्षा बघ. स्टेशनवर जाऊन पुण्याचं रिझर्वेशन करायचं आहे.”

“परतीचंही आजच करायचं का, बाई?”

“नको,” त्या म्हणाल्या. “फक्त जाण्याचं कर.”