पिस्टनवरचं भांडण

सोमवारी सकाळी माझे पती चहा पिऊन उठले, दारापर्यंत गेले आणि पडले. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते. त्या दिवशी गाडीचा सिलिंडर बोअरिंगवाल्याकडे होता आणि पिस्टन ठरायचा होता.

गाडी म्हणजे एटीव्ही: चार फुगीर चाकं आणि मोटारसायकलसारखं हँडल. चिखलदऱ्याच्या एका हॉटेलाने ती पर्यटकांना फिरवायला आणली होती आणि बंद पडल्यावर मागच्या अंगणात टाकून दिली होती. अकोल्यात आमचं फवारणी पंपांच्या दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाची ती वर्षं अशी होती की लोक पंप दुरुस्तीला टाकून जात आणि परत न्यायला येत नसत. दुकानाच्या भिंतीवर पंपांची रांग वाढत गेली आणि काम कमी होत गेलं. तेव्हा ह्यांनी ती गाडी उचलून आणली, तिच्यावर टाकी बसवली आणि चांदूर बाजारकडच्या संत्र्याच्या बागांत फवारणीला नेऊ लागले. ट्रॅक्टर गेला तर फांद्या मोडतात, तिथून ही सहज निघे. माझ्या धाकट्या दिराची बाग तिकडेच आहे, त्याच्याकडे तर ती महिना महिना असे. मग एका उन्हाळ्यात धूळ खाऊन खाऊन पिस्टन तडकला आणि त्याने सिलिंडरही आतून ओरबाडला.

मी शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते. यंत्रातलं मला कळत नाही, पण इतकं समजून घेतलं होतं की ओरबाडलेला सिलिंडर आतून थोडा कापून मोठा करतात आणि त्यात मापाने थोडा मोठा पिस्टन घालतात. आमचा बोअरिंगवाला नवा पिस्टन हातात आल्याशिवाय मशीनच सुरू करत नसे. "आधी पिस्टन आना, मंग बोला," एवढंच म्हणे. पिस्टनच्या जातीप्रमाणे भोवती किती फट ठेवायची ते बदलतं, म्हणून आधी बोअर मारून मागून पिस्टन शोधणं म्हणजे पाय न मापता चप्पल शिवणं. आमचा सिलिंडर त्यामुळे तेलाचा हात फिरवून त्याच्या फळीवर बसून होता, आणि हे पिस्टनसाठी अमरावतीला खेपा घालत होते.

अमरावतीला आपा होत्या. नवरा वारल्यावर त्यांनी त्याचं स्पेअर पार्टचं दुकान स्वतः चालवायला घेतलं होतं. गल्ल्यामागे उंच स्टुलावर बसायच्या, डोक्यावर ओढणी, नाकावर चष्मा. सगळा बाजार त्यांना आपाच म्हणे. ह्यांची त्यांच्याशी ओळख आमच्या लग्नाच्याही आधीची.

एकदाच मी ह्यांच्याबरोबर त्या दुकानात गेले. मला अमरावतीत पुस्तकं घ्यायची होती, म्हणून. मी बाकावर बसले, ह्यांनी खिशातून तडकलेला पिस्टन काढून काचेवर ठेवला, आणि पुढचा अर्धा तास मी एका अनोळखी माणसाला बघत होते.

"हे का केलं, पंपवाले?" आपा म्हणाल्या. "गाडी चालवली का मुसळ?"

"धुळीनं खाल्लं, आपा. मले काय हौस होती?"

"फिल्टर कोन साफ कराचा? तुमच्या सासऱ्यानं?"

हे हसले. मोठ्याने, मान मागे टाकून. आमच्या घरात ते असे कधी हसले नव्हते. घरी ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलायचे, कारण मी नाशिकची, मास्तरांची मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यातच त्यांनी माझ्यासाठी आपली भाषा बदलली होती. मला तेव्हा तो मोठा मान वाटला होता. त्या बाकावर बसून ऐकताना कळलं की माझ्या वाट्याला बदललेला माणूस आला होता आणि मूळचा इथे गल्ल्यापाशी राहिला होता.

कंपनीचा पिस्टन मिळण्यासारखा नव्हताच. दुसऱ्या कंपन्यांचे दोन होते. एक ओतीव, आपल्याकडे बनलेला. दुसरा घडीव, म्हणजे फोर्ज केलेला, बाहेरदेशचा. आपा म्हणत ओतीव घ्या. हे म्हणत घडीव.

"बगीच्यात फिराची गाडी हाय. शर्यतीले नेता का?"

"ओतीव पुन्हा तडकन, आपा. उन्हात भरल्या टाकीनं चढावर जाते ते."

"अन् फोर्जवाला ठंडा असला का वाजते. फट जास्त ठेवा लागते त्याले. रोज सकाळी खडखड आयकत बसान."

"आयकीन."

"आयका मंग. तुमाले कोनाचं पटते काय कधी?"

दोघांचे आवाज चढले. काचेवरचा चहा निवला. शेवटी हे काहीच न घेता उठले, आपांनीही थांबा म्हटलं नाही, आणि बसमध्ये हे बडनेरा येईपर्यंत घुश्शातच होते. मी खिडकीशी बसून हिशेब करत होते की माझ्याशी हे शेवटचे कधी भांडले. आठवेना, कारण ते माझ्याशी भांडलेच नव्हते. मी काही म्हटलं की "बरं" म्हणत. आमच्या नातेवाइकांत आमचं उदाहरण देत. मला त्या दिवशी आपांच्या हसवण्याचा हेवा वाटला होताच, पण त्या भांडणाचा जास्त वाटला.

त्यानंतर पंधरवड्यात ते गेले.

तिसऱ्या दिवशी आपा भेटायला आल्या. बायकांत खाली बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "दोनी पिस्टन बाजूले ठेवले हायेत, मॅडम. त्यायनं अजून सांगतलं नव्हतं कोनता." बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पुढे माझी जाऊ म्हणाली, मयताच्या घरी येऊन कोणी सामानाचं बोलतं का. मला राग आला होता तो वेगळ्याच कारणाने: त्या खोलीत रडायला बसलेल्यांत ह्यांचं अर्धं राहिलेलं काम फक्त आपांनाच माहीत होतं.

तेरवी झाल्यावर दीर दुकानात आला. भिंतीवरचे पंप, कोपऱ्यात इंजिन काढून ठेवलेली गाडी, सगळं बघितलं.

"वयनी, गाडीचं काय कराचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"इंजिन बसत असन तर मी बागेत ठेवतो. या बहाराच्या फवारणीले कामी येईन. नाई तर भंगारवाला उभाच हाय. नुसता सांगाडा ठेवून का फायदा?"

तो वाईट बोलला नव्हता. त्याच्याही बागेतली झाडं वाळत होती, विहीर खाली गेली होती. मी म्हटलं, "पंधरा दिवस थांबा. इंजिन बसवते."

"आपाले फोन करू का? त्या सांगतीन कोनता घ्याचा ते."

"नको," मी म्हटलं. "मी जाते."

तडकलेला पिस्टन रुमालात गुंडाळून पिशवीत घातला आणि सकाळच्या बसने निघाले. वाटेत पुस्तक उघडलं आणि एकही ओळ वाचली नाही. हे ठरवायची ठेवून गेले होते अशी एकच गोष्ट उरली होती. ती आपांनी ठरवली तर गाडी चालली असती, अगदी नीट चालली असती, आणि शेवटचं कामही त्या दोघांचंच झालं असतं.

आपांनी मला बघून स्टूल पुढे सरकवलं. मी मागच्या वेळेसारखी बाकावर न बसता काचेपाशी स्टुलावर बसले. त्यांनी न विचारता दोन्ही खोकी काचेवर ठेवली आणि उघडली. मला दोन्ही पिस्टन सारखेच दिसले. घडीव थोडा बोजड वाटला, तोही कदाचित मला तसं वाटायचं होतं म्हणून.

"हा न्या," आपांनी ओतीव माझ्याकडे सरकवला. "चुपचाप चालन."

"त्यांना दुसरा हवा होता."

"त्यायले लय काई हवं होतं, मॅडम. मी त्यायले नाई म्हटलं, तुमालेबी नाईच म्हणतो. बाजारात बसून केस पांढरे झाले माहे."

"भरलेल्या टाकीने चढावर पुन्हा तडकला तर?"

"धूळ जाऊ द्यान तर तडकनच. फिल्टर साफ ठेवा. फोर्जले धूळ काय गोड लागते?"

"घडीव जास्त तग धरतो."

"कोन म्हणते?"

"ते म्हणायचे."

"अन् वाजते ते? तुमचा दीर दुसऱ्याच दिवशी म्हणन, वयनी, कायचं इंजिन बसवलं."

"म्हणू दे."

आपांनी चष्मा काढला आणि ओढणीच्या टोकाने पुसत राहिल्या. "मी बरोबर बोलून राहिली, तुमाले मालूम हाय. तरी काहून अडून बसल्या?"

माझा आवाज चढला होता हे मला तेव्हा कळलं. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघत होता. मी कधी दुकानात आवाज चढवला नव्हता, घरातही नाही. मी म्हटलं, "तुमचं बरोबर असेल. मला हाच हवा."

आपांनी चष्मा परत घातला आणि घडीव पिस्टनचं खोकं बंद करून सुतळीने बांधलं. बांधता बांधता म्हणाल्या, "तुमी दोघं एकसारखेच. बिलकुल आयकत नाई."

आमच्याबद्दल असं कोणी कधीच म्हणालं नव्हतं. लोक म्हणायचे, ती पुस्तकात आणि तो पंपात, तरी बघा कसं निभावतात. एकसारखे हा शब्द मी बसमध्ये परत परत मनात म्हणून बघितला. बडनेऱ्याच्या पुढे गेल्यावर मात्र लक्षात आलं की तोही आपांकडूनच मिळाला. त्या त्यांना मूळच्या भाषेत ओळखत होत्या, म्हणून म्हणू शकल्या. मला ते म्हणताच आलं नसतं.

बोअरिंगवाल्याने पिस्टन हातात घेऊन वळवून बघितला, माप घेतलं आणि म्हणाला, "हा सकाळी बोलन, बाई." मी म्हटलं, माहीत आहे. त्याने त्या मापाने फट ठेवून बोअर मारला, आणि त्याच्याच ओळखीच्या मिस्त्रीने आमच्या दुकानात येऊन इंजिन बांधलं. दीर न्यायला आला त्या सकाळी गाडी सुरू केली. खडखड झाली. दिराने कान टवकारले.

"वाजून रायलं, वयनी."

"गरम होऊ दे," मी म्हटलं.

आम्ही दोघं अंगणात उभे राहिलो. हळूहळू आवाज मऊ होत गेला, मग नुसतं इंजिन राहिलं. दिराने माझ्याकडे बघितलं, गिअर टाकला आणि गाडी मालवाहू टेम्पोवर चढवली.

त्या दिवशी आपांचा फोन आला. वाजते का, एवढंच विचारलं. वाजतो म्हटलं. "मी म्हटलंच होतं," त्या म्हणाल्या. त्या कोणाशी बोलल्या होत्या ते मला कळत होतं. ह्यांच्याशी; माझ्याशी नव्हतं ते.

दुकान आता बंद केलं आहे. लोकांचे पंप मात्र भिंतीवर तसेच आहेत, कोणी न्यायला आलं तर द्यावे लागतील म्हणून. गाडी चांदूर बाजारला दिराच्या बागेत आहे आणि चालते. अमरावतीला पुस्तकांसाठी गेले की मी आपांच्या दुकानात जाते, चहा घेते, कधी भांडतेही. त्यांचा हेवा मला अजून वाटतो.