आत्याच्या घरामागचा धबधबा

आता ह्यो किस्सा सांगायचा म्हंजे आपल्याच हातानं आपल्या थोबाडीत मारून घ्यायची. पण तुमी च्या पाजलाय, तवा सांगतो. मधीच हसलात तर उरलेला सांगणार न्हाई.

माझी सुमनआत्या कान्ह्याला ऱ्हाती. तिनं घराला लागून दोन खोल्या काढल्या. लोणावळ्यात जागा न मिळालेली पाव्हणी हिकडं यतील, ऱ्हातील, जेवतील, असा तिचा इचार. खोल्या झकास, चादरी कोऱ्या. तीन महिने झालं, पाव्हणं म्हणून एक मांजर तेवढं येऊन ऱ्हायलं. त्ये बी न सांगता गेलं.

"ओंक्या, दिसभर मोबाइल चोळतोस," आत्या म्हणली, "माझ्या खोल्यांचं कायतरी कर की."

मी नववीत दोनदा बसलेला माणूस. पण एआय म्हणलं की गावात माझाच शब्द शेवटचा. दुसरं कुणी बोलतच न्हाई ना. घरामागं जाऊन फोटो काढला. मागं काय हाय, तर एक काळा कातळ आन शेजारच्या बबनभाऊची म्हस. एआयला म्हणलं, जरा बरं दिसू दे.

त्यानं म्हस काढून तितं हरीण उभं केलं. आन कातळावरनं धबधबा सोडला. मे महिन्यात. आमच्या नळाला मे महिन्यात नुसती हवा येती, आन ह्यानं धबधबा सोडला.

वा, म्हणलं, काय डोकं हाय. टाकला नेटवर.

लागले की मेसेज यायला. आता उत्तरं कोण देणार? आत्या चुलीपुढं, मी क्रिकेटला. मंग त्ये काम बी एआयलाच लावलं, आत्याच्या नावानं. एकच सांगून ठिवलं, गिऱ्हाईक नाराज व्हायला नको. हितंच मी शेण खाल्लं. माणसाला सांगितलं असतं तर त्यो थोडा तरी लाजला असता.

शुक्रवारी बुकिंग पक्कं. ठाण्याचं कुटुंब: आजोबा, ल्योक, सून, दोन नातवंडं. आत्यानं आळीत साखर वाटली. मंग मी सहज म्हणून त्यांचं बोलणं उघडून वाचलं.

"धबधबा उन्हाळ्यात असतो का?"

"हो, नक्कीच. बाराही महिने."

"सासऱ्यांचे गुडघे दुखतात."

"काळजी नसावी. आमच्या धबधब्याला पायऱ्या आहेत."

"मुलांना हरणाला हात लावता येईल?"

"जरूर. मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं आहे."

इतकं गोड खोटं मला बी जमत न्हाई, आन मी सुट्टीसाठी सरांपुढं तीन आज्या मारल्यात. एआयचा फायदा काय? गिऱ्हाईक मिळालं. तोटा काय? त्ये खरंच यायला निघालं.

आत्याला सांगावं, तर तिची ही पहिली पाव्हणी. चिडून माघारी गेली आन नेटवर वाईट लिवलं, तर खोल्यांत पुन्हा मांजरच. बसलो गप.

शनिवारी दुपारी गाडी आली. सूनबाई उतरल्या उतरल्या म्हणल्या, "मावशी, धबधबा कुठल्या बाजूला?"

"कसला धबधबा, बाई?"

मी मधी घुसलो. "हाय ना. पण उन्हाळ्यात त्याला टायमिंग असतं. साडेचारला सुटतो."

"सुटतो म्हणजे?"

"एस्टीसारखा."

तेवढ्यात बारकी पोरगी आत्याच्या शेळीपुढं उभी. "दादा, हरणाला दाढी का आहे?"

"म्हातारं झालंय त्ये."

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, की पाव्हणं नसतं तर तितंच माझं वरीसश्राद्ध झालं असतं.

मी पळालो बबनभाऊकडं. पाया पडलो, त्यांच्या विहिरीवरचा पाइप कातळावर ओढला आन झुडपाआड बसलो. बरोब्बर साडेचारला भाऊनं मोटर चालू केली. खरं सांगतो, धबधबा पडला. बारका व्हता, पण पडला. पोरं नाचायला लागली. आजोबा तर टावेल लावून, डोक्याला साबण चोळून खाली उभं.

आन लाइट गेली.

धबधबा बंद. आजोबांनी साबणाचा एक डोळा उघडून वर बघितलं. वर मी. हातात पाइप.

"बाळ," आजोबा म्हणले, "धबधबा तूच का?"

आत्या धावत आली. सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता पायताण निघतंय. तिनं आधी बादली आणून आजोबांच्या डोक्यावरचा साबण काढला. मंग हात जोडले. "आबा, आमच्यात खोटं चालत न्हाई. ह्ये कार्टं माझ्याच भावाचं हाय, तवा चूक माझीच. मी लोणावळ्यात वळखीनं चांगली खोली बघून देते. खाली मान घालून देते."

चुलीवर इंद्रायणी भात रटरटत व्हता, त्याचा वास अंगणभर.

"हा वास तरी खरा आहे का?" आजोबांनी इचारलं.

"भात खरा हाय, आबा."

"मग वाढा. आणि लाइट आली की त्या मुलाला परत वर बसवा. माझी अंघोळ अर्धी राहिलीय."

ऱ्हायली की पाव्हणी दोन दिस. मी बी दोन दिस कातळावर.

जाताना आत्यानं त्यांच्या ल्योकाला माझा खराखुरा फोटो काढायला लावला. भिजलेली चड्डी, हातात पाइप, तोंड उघडं. माझं हरीण-बिरीण पुसलं आन ह्योच फोटो नेटवर टाकायला लावला, खाली एक वळ: "धबधबा खोटा हाय. ओंकार सोडतो. भात खरा हाय."

बुकिंग आता गणपतीपातूर फुल. मला शनिवार-रविवार क्रिकेट बंद.

पण त्या फोटोखाली पहिलं काय लिवून आलं, म्हाईत हाय? "धबधबा ओरिजिनल वाटतोय. पण ते पाइप धरलेलं पोरगं एआयनं केलंय. एवढं बावळट खऱ्यात नसतं."

आत्याला लिवता येत न्हाई मोबाइलवर. पण त्याच्याखाली पहिला अंगठा तिचाच हाय.