काळी पडलेली कांडी

सारिका मॅडमना विंचवाची भीती नाही, कुलगुरूंची तर नाहीच नाही. पण सोमवारी नरडाण्याच्या एका कारखान्यातून पत्र आलं आणि बाईंचं धाबं दणाणलं. "तुमच्या पद्धतीनं सहा वेळा केलं, एकदाही झालं नाही. गुरुवारी आमचा माणूस येईल, त्याच्यासमोर करून दाखवा."

आता हे "करून दाखवा" म्हणजे काय, ते ऐका. औषधं बनवताना दोन रेणू जोडायला जगभर पॅलेडियम वापरतात, सोन्यासारखा महागडा धातू. भडगावच्या शेतकऱ्याच्या या लेकीनं जळगावच्या कॉलेजात तेच काम लोखंडाच्या क्षारावर करून दाखवलं. साधं लोखंड, हो! परदेशात शोधनिबंध छापून आला, गावात सत्कार झाला, सहा पोरं तिच्या हाताखाली डॉक्टर झाली. बाहेर कुणाला जमलं नाही की ती हसून म्हणायची, "हातगुण लागतो, बाबा."

अडली ती एकच, बोदवडची रत्ना. मिश्रण ढवळायला त्यात चुंबकाची बोटभर कांडी सोडतात. प्रयोगशाळेतल्या कांड्या काळ्या पडल्यात म्हणून या पोरीनं नवी मागवली. वर्षभर राबली, पण रेणू काही जुळेनात. सारिका सगळ्यांदेखत कडाडली, "नाचता येईना अंगण वाकडं! कांडीला नावं ठेवतेस? तुझा हातच नाही या कामाला." रत्ना संशोधन सोडून गेली ती गेलीच. त्याला आता अकरा वर्षं झाली.

पत्र आल्यापासून जीव थाऱ्यावर नव्हता, म्हणून सारिका मंगळवारी भडगावला आईकडे गेली. शेवंताबाईंनी कोमट दूध वर्षानुवर्षं दही लावून मुरलेल्या काळ्या मडक्यात ओतलं आणि वर झाकण ठेवलं.

"आई, विरजण राहिलं की!"

"या मडकाले इरजन लागत नही, बेटा," म्हातारी म्हणाली. "मडकंच दही जमाडस."

सारिकाच्या हातातला घास हातातच राहिला. पुण्यात पीएचडी करताना ती पॅलेडियमवरच काम करायची. तिथल्या कांड्यांचा डबा तिनं आठवण म्हणून जळगावला आणला होता, आणि आजवर त्याच धुऊन धुऊन वापरल्या होत्या. त्यांच्यावरचा तो काळा थर पॅलेडियमचाच असला तर? कारखान्याच्या मोठ्या भांड्यात कांडी नसते, पातं फिरतं. आणि रत्नाची कांडी कोरी होती. सारिका ताटावरून तशीच उठली.

बुधवारी सकाळी तिनं दोन फ्लास्क लावले. एकात लोखंडाचा क्षार आणि पाकिटातून काढलेली नवी कांडी. दुसऱ्यात लोखंडाचा कणही नाही, नुसती जुनी काळी कांडी. चार तास बाई स्टुलावर बसून होती. देवाचं नाव न घेणारी ती बाई, पण त्या दिवशी पुटपुटली, "पहिल्यात होऊ दे रे देवा."

दोन्हींचा एकेक थेंब पट्टीवर चढवून तिनं जांभळ्या दिव्याखाली धरला. रेणू जुळले की तिथं नवा ठिपका दिसतो. पहिल्याचा नवा ठिपका उमटलाच नाही. दुसऱ्याचा उमटला, चांगला ठसठशीत.

गेलं नाव, गेला निबंध! त्या सहा पोरांच्या पदव्यांचं काय? खोटं कशाला सांगू, उद्या जुनीच कांडी टाकून दाखवावी, कुणाच्या बापाला कळतंय, हाही विचार तिच्या मनात आला. कांडी रुमालात गुंडाळून तिनं पर्समध्ये टाकलीसुद्धा. मग पुन्हा बाहेर काढून टेबलावर ठेवली आणि फोन उचलला.

"रत्ना, मी सारिका मॅडम बोलतेय."

पलीकडून दबकत दबकत शब्द आले, "मॅडम... माझं अजून काही चुकलं का?"

सारिकाला रडूच फुटलं. दोन दिवस ती ज्या भीतीनं अर्धमेली झाली होती, ती या पोरीनं अकरा वर्षं पोटात बाळगली होती, आणि ती घातली होती सारिकानंच.

"नाही गं," ती कशीबशी म्हणाली. "तुझं बरोबर होतं. चुकले मी. तुझी ती नवी कांडी आहे का अजून?"

"आहे, मॅडम. टाकवली नाही."

"उद्या घेऊन ये. कारखान्याच्या माणसासमोर प्रयोग तूच कर. होत नाही हे त्याला दिसू दे, का ते मी सांगेन."