अंगठ्याची उडी

परवा माझ्या पायाचा अंगठा मला न विचारता उडाला.

त्याचं असं झालं, की आदल्या दिवशी भाजी घेऊन मी घरी आलो तो एकाच चपलेवर. दुसरी वाटेत कुठे गळाली, ते पायाला कळलंच नव्हतं. "पाय तरी दोन्ही आणलेत ना?" असं बायकोनं विचारलं खरं, पण हसली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मला डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. त्यांनी घोट्याशी विजेचा बारीक झटका दिला आणि अंगठा टुणकन उडाला.

"अंगठ्याकडे जाणारा निरोप पोचतोय," बाई म्हणाल्या. "आता पायाकडून येणारा पोचतो का बघू. डोळे मिटा."

मिटले. हे निरोप म्हणजे शरीरातली वीज आणि ती मिठातून येते, असं त्यांनीच मघाशी सांगितलं होतं. मज्जातंतूच्या पातळ आवरणात इवलीशी दारं असतात. एक उघडलं की मिठातले भारित कण आत घुसतात, त्या धक्क्यानं शेजारचं उघडतं, मग त्याच्या शेजारचं, आणि निरोप पळत सुटतो. म्हणजे मी पंख्याखाली लोळत असायचो तेव्हाही डास चावल्याची बातमी घेऊन कोणीतरी माझ्यासाठी धावत होतं. मी मात्र डासाला शिव्या दिल्या. त्या धावणाऱ्याचे आभार एकदाही मानले नाहीत.

तेवढ्यात तळपायाला टाचणी टोचली.

"आई गं!" मी ओरडलो, आणि मला हसूच फुटलं.

"दुखलं ना?"

"दुखलं! मस्त दुखलं!"

"बाई, अजून एकदा टोचा," मागून बायकोचा आवाज आला. "मला पुन्हा ऐकायचंय."