वॉचमन व्हायला फी भरतोस?

आमच्या कोर्सला एक निरीक्षण वही असायची. आजूबाजूला काय दिसलं ते वेळेसकट लिहायचं आणि शुक्रवारी सुभेदार सरांना दाखवायचं. वर्षभर असं लिहायला लावल्यावर किस्से साठणारच. सरांनी मार्क दिले त्या नोंदी वेगळ्या. या उरलेल्या.

सुभेदार सर म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले आमचे शिक्षक, आणि कोर्स म्हणजे अलिबागच्या एका कॉलेजातला सिक्युरिटी मॅनेजमेंटचा डिप्लोमा. प्रवेश घेतला त्या दिवशी मामाने विचारलं, "वॉचमन व्हायला फी भरतोस?" मी त्याला रिस्क, सर्व्हेलन्स, आपत्ती व्यवस्थापन असं सगळं अर्धा तास समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे शिट्टी देतात ना?"

दिली होती. दोन.

*

पहिल्याच तासाला सरांनी प्रीतमला उभं केलं. प्रीतम किहीमच्या बाजूचा, घरची होडी असलेला. अनोळखी माणूस गेटमधून आत आला तर काय करशील?

"बसवीन. पानी देईन. मग इचारीन, कुनाकडं आलाव."

सर म्हणाले, "तोवर त्याचा चहा पण झालेला असेल."

*

पुढे प्रत्येकाला एका घराच्या सुरक्षेची पाहणी करायची होती. प्रीतमने गावातला मुंबईकरांचा एक बंगला निवडला. त्याने लिहिलं: बंगल्याची चावी जास्वंदीच्या कुंडीखाली असते. हे साऱ्या गावाला माहीत आहे. म्हणून चोरी होत नाही, कारण काही गेलं तर कुणी नेलं ते जेवायच्या आत कळतं.

सरांनी ते दोनदा वाचलं. चूक कुठे आहे ते त्यांना सापडेना. दहापैकी सात दिले.

*

आमच्यात सर्वात हुशार नाझनीन, श्रीवर्धनची, इथे हॉस्टेलवर राहणारी. कॅमेऱ्यांच्या खोलीत तासभर बसून नोंदी करायची तिची पाळी आली. तिने लिहिलं: ११.१० हेडक्लार्क डोळे मिटून फाइल वाचत आहेत. ११.३५ फाइल खाली पडली. ११.४० वाचन चालू.

वही ऑफिसभर फिरली. हेडक्लार्क स्वतः आले आणि तेवढं एक पान फाडायला सांगू लागले. नाझनीन फार अदबीने म्हणाली, "सर, पानांवर नंबर घातलेत."

*

आगीचं ड्रिल झालं तेव्हा सगळं कॉलेज चार मिनिटांत मैदानात आलं. फक्त कॅन्टीनवाल्या मावशी आल्या नाहीत. सर घड्याळ घेऊन तावातावाने आत गेले. मावशी सावकाश शेवटची भजी काढत होत्या. कढई उतरवली, गॅस बंद केला आणि म्हणाल्या, "तापलेलं तेल सोडून आले असते तर तुमची आग खरी झाली असती."

त्या दिवशी सरांनी आम्हाला जे शिकवायचं ठरवलं होतं ते शिकवलं नाही. आम्ही भजी खाल्ली.

*

नाझनीनचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला एका बिल्डिंगच्या गेटवर वॉचमन होते, आता गावी परतलेले. तिने घरी सांगताना कोर्सचं नाव अर्धंच सांगितलं होतं, मॅनेजमेंट. चौथ्या महिन्यात चुलतभावाच्या फोनवर तिचा युनिफॉर्ममधला फोटो त्यांना दिसला. त्यांनी तिला फोनवर सांगितलं, "मी बावीस वर्षं गेटवर उबा रायलो, तो तू उबी रावीस म्हनून नाय." आणि वर, शनिवारी येऊन कॉलेजातून नाव काढतो, सामान बांधून ठेव.

त्यानंतरच्या सोमवारी मुंबईची एक कंपनी कोर्सनंतरच्या नोकरीसाठी मुलाखती घ्यायला येणार होती. सरांनी तिचं नाव यादीत पहिलं ठेवलं होतं.

शनिवारी कॉलेजच्या गेटवर आमच्या वर्गाची ड्यूटी असे, आणि त्या शनिवारी नेमकी तिची आणि माझी. मी म्हटलं, तू आत जा, मी बघतो. ती म्हणाली, ड्यूटीच्या तक्त्यावर नावं लागलीत, आता बदलता येत नाहीत. खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा मीच जास्त घाबरलो होतो.

अकराच्या सुमाराला ते आले. सफेद टोपी, खांद्याला रेक्झिनची पिशवी. आमच्याकडे न बघता सरळ आत निघाले. नाझनीन आडवी आली.

"सलाम, अब्बा. आयडी दाखवा."

ते तिच्याकडे बघत राहिले. मी माझ्या बुटांकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी खिशातून आधार कार्ड काढलं. तिने कार्डावरचा फोटो पाहिला, त्यांचा चेहरा पाहिला, वहीत नाव लिहिलं, वेळ लिहिली, सही घेतली आणि बाजूला झाली.

"जावा आत."

ते हलले नाहीत. खांद्यावरची पिशवी काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

"आनि ही कोन बगनार?"

तिने चेन उघडली. टॉवेल, लुंगी, सुपारीची पुडी. तिने चेन लावून पिशवी परत दिली. ते घेऊन तिथेच उभे राहिले. तेवढ्यात सुभेदार सर बाहेर आले आणि काय काम आहे म्हणून विचारू लागले.

"काय नाय," अब्बा म्हणाले. "गेट बगाया आयलेलो."