मावशींच्या दोरीवरचे कपडे

जामखेडच्या आमच्या वस्तीत पत्रे ठोकलेले नसत, त्यांवर नुसते दगड ठेवलेले असत. अतिक्रमणवाले आले तर पत्रे चटकन उतरवता यावेत म्हणून. भिंतींनाही गिलावा नव्हता. पाडायच्या घराला कोण गिलावा करणार? मग एका थंडीत कळलं, मोजणी होणार आणि घराखालची जागा राहणाऱ्याच्या नावावर होणार. घर बंद दिसलं, तर यादीतून नाव जाणार.

शेजारच्या विधवा मावशी भावाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला गेल्या होत्या. एकट्याच राहायच्या, दरवर्षीप्रमाणे किल्ली आमच्याकडे होती. मोजणीच्या सकाळी आईने त्यांचं कुलूप काढलं, आणि घर नांदतं दिसावं म्हणून आमच्या बादलीतले कपडे त्यांच्या दोरीवर टाकले.

मोजणीच्या साहेबांनी यादी पाहिली, मग दोरी. पप्पांच्या दोन पँटी, भावाचा क्रिकेटचा टी-शर्ट.

“इथं बाई एकटीच राहते ना?”

“व्हय. रानात गेलीय, येईल आत्ता,” आई म्हणाली.

“मग पँट कोण घालतं?” मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं. साहेब हसले नाहीत. “घर विकलंय का भाड्यानं दिलंय? खरं सांगा, नाहीतर नाव कमी करतो.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मी इंग्लिश मीडियमची. वस्तीत मला ‘मॅडम’ म्हणतात, ते कौतुकाने नाही. माझं मराठी इथे पुस्तकी वाटतं, म्हणून चारचौघांत मी बोलत नाही.

“कपडे आमचे आहेत,” मी म्हणाले. “मावशी ऊसतोडीला गेल्यात. त्यांचे कागद आत आहेत.”

“बोलली बया मॅडम!” मागून आवाज आला.

पिठाच्या डब्यामागची पिशवी मी आणून दिली. रेशन कार्ड, लाइट बिलं. साहेबांनी मावशींना फोन लावायला सांगितला. त्या फडातून ओरडूनच बोलल्या, “माझंच घर हाय! कुनी इकलं?” सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांनी नाव ठेवलं, पुढे ‘हंगामासाठी बाहेरगावी’ असं लिहिलं आणि टेप काढला.

जागेचा कागद हातात आल्यावर मावशींनी आधी पत्रे ठोकून घेतले. वरच्या दगडांची दारात पायरी केली. आता गल्लीत निम्म्या घरांना गिलावा आहे.

यंदा टोळी निघताना त्यांनी किल्ली आईकडे न देता माझ्या हातात ठेवली.

“ध्यान ठेव, पोरी. आन तुझ्या आईला सांग, माझ्या दोरीवर पँटी टाकू नगंस.”