बिब्ब्याची खपली

काकांना मी माफ केलेलं नाही. ते गेले तरी नाही, आणि यापुढे करण्याचा विचारही नाही.

नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि आमचं बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात राहिलं, त्या वर्षीची गोष्ट. मी गावातल्याच राजपुरा भागातल्या शाळेत शास्त्र शिकवत होते. कपाशीच्या शेतात जन्मभर ऊन खाल्लेल्या वडिलांच्या नाकाशेजारी एक फोड आला होता, बराच होईना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, कॅन्सर वाटतो, नागपूरला जाऊन कापून घ्या.

काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. धंद्याने कापडवाले आणि वैद्यकीत अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले.

"नागपूर आता आपलं राहिलं का? दुसऱ्या राज्यात कोण पहचानतं आपल्याला?" ते म्हणाले. "भाऊ, बिब्बा लावतो. जडमूळ जळून जाईल."

दाभणाला टोचलेला बिब्बा त्यांनी दिव्यावर धरला आणि सुटलेलं काळं तेल फोडावर टेकवलं. वडील ओरडले नाहीत, उशीचा कोपरा चावत राहिले. असं तीनदा झालं. मग खपली पडली, खाली गुलाबी कातडी दिसली, आणि काकांनी गल्लीभर मावा जिलबी वाटली.

मिटली होती ती वरची कातडी. गाठ आत वाढतच होती. ती मानेत उतरल्यावर आम्ही नागपूर गाठलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले. वर्षाच्या आत वडील गेले.

बऱ्याच वर्षांनी म्हातारे काका पेपर घेऊन माझ्या घरी आले. बिब्ब्यातल्या द्रव्याने कातडीच्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत मरतात, असं त्यात छापलं होतं.

"बघ, पेपरमधे आलंय. मी गलत नव्हतो."

माझं डोकंच फिरलं. "काचेच्या बशीत रॉकेल ओतलं तरी पेशी मरतात," मी म्हणाले. "बशीला नाक नसतं, मान नसते. चालते व्हा."

ते उठले. उंबऱ्याशी थांबून एवढंच म्हणाले, "भाऊनं तुला विचारलं होतं."

विचारलं होतं. खपली पडली त्या दिवशी आरसा मीच धरला होता. त्यात बघत वडील म्हणाले, "मास्तरीणबाई, तरी एकदा नागपूरला दाखवून यायचं का?" त्यांना जायचं होतं, आवाजावरून कळत होतं. माझ्या शाळेच्या सहामाही परीक्षा जवळ आल्या होत्या.

काकांची जिलबी चावत मी म्हणाले, "आता कशाला?"